दहावीतल्या लेकीसाठी गजराचं घड्याळ

लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या दुकानातून टेबलावर ठेवायचं गजराचं घड्याळ घेतलं, साडेचारशे रुपयांना. लेक दहावीत आहे. "आई, गजर मोबाइलमध्येच आहे ना," या एका वाक्यावर तिचा फोन रोज उशाशी जायचा आणि साडेबारा-एकपर्यंत सुरूच असायचा. मला ती सबब काढून घ्यायची होती. त्या कामात घड्याळ पूर्ण उतरलं. आता रात्री दहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागतो, तिचाही आणि आम्हा दोघांचाही.

दुकानदारांनी दोन घड्याळं कानाला लावून बघायला सांगितली. "ताई, झोपायच्या खोलीत टिकटिक करणारं नेऊ नका." सेकंदकाटा सलग फिरणारं घेतलं, आवाज अजिबात नाही. चमकत्या लाल आकड्यांची डिजिटलही होती, ती मुद्दाम टाळली. झोप न येणारं मूल अंधारात सारखं किती वाजले तेच बघत राहतं आणि आणखी अस्वस्थ होतं. यात बटण दाबलं तरच दिवा लागतो. स्नूझ नाही, हे फार बरं. एक खोट आहे: गजराचा काटा मिनिटावर लावता येत नाही, पाचेक मिनिटं मागेपुढे वाजतो. परीक्षेच्या दिवशी थोडा आधीचा लावा.

पण घड्याळ उठवतं, झोपवत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं. दहाला दिवा घालवूनही मुलगी टक्क जागी असते तो हट्ट नव्हे. आणि 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने 2016मध्ये सांगितलं आहे. आमची शाळा दुपारची, क्लास मात्र सकाळी साडेसहाचा! त्यासाठी पावणेसहाला उठायचं, म्हणजे आठ तासांसाठी पावणेदहाला गाढ झोप हवी. या वयात ते जमणार कसं? शासनाने 2024मध्ये सकाळी नऊच्या आधी वर्ग भरवू नका असं सांगितलं, तेही चौथीपर्यंतच. मोठ्या मुलांचा विचार कोणी करायचा? मला याचा खरोखर राग येतो. आम्ही नऊची बॅच मागून घेतली आणि गजर सातवर नेला. खरा फरक तिथे पडला.

बाकी साध्या गोष्टी. उठल्याबरोबर गॅलरीत उजेडात दूध-पोहे, कारण सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ मागे यायला मदत होते. चारनंतर कॉफी बंद. रविवारी गजर फार तर तासभर उशिरा; दुपारी बारापर्यंत झोपू दिलं की सोमवारची सकाळ पुन्हा रडकी. आता ती अकराच्या सुमाराला झोपते आणि सातला मी हाका न मारता उठते. चिडचिड पुष्कळ कमी झाली, गणिताला बसली की पेंगत नाही.

ज्यांच्या घरी "गजरासाठी फोन" चालू आहे, त्यांनी हे जरूर घ्यावं, आणि त्याबरोबर क्लासची वेळही बदलून मागावी. मूल जोरात घोरत असेल, पुरेसं झोपूनही दिवसा डुलक्या घेत असेल किंवा काळजीने रात्र रात्र जागत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.