पेठेतल्या मॅडमचं फिजिओथेरपी क्लिनिक: एका टेलरचा अनुभव

मी टेलर आहे. कराडात पस्तीस वर्षं शर्ट-पँट शिवतोय. उजव्या हातावर पोट असलेल्या माणसानं हे लिहिलंय, एवढं धरून वाचा.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, पुण्याहून लग्न आटोपून मेव्हण्याच्या गाडीतून परत येत होतो. खंबाटकी घाट उतरलो आणि सुरूर फाट्याच्या अलीकडं पुढच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला. आमचा ब्रेक लागेपर्यंत आम्ही तिच्यावर आदळलेलो. मी पुढच्या सीटवर होतो, पट्टा लावलेला होता म्हणून डोकं वाचलं. पण धडकणार हे दिसलं तसा हात आपोआप डॅशबोर्डवर टेकवला आणि मनगटाजवळ हाड मोडलं. १०८ ची अँब्युलन्स आली, साताऱ्याला नेलं, तिचे पैसे कुणी मागितले नाहीत. अपघात म्हणून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद, झाली, पोलिसांनी नाव-गाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका खासगी दवाखान्यात हाड बसवून प्लास्टर घातलं. सहा आठवडे.

त्या दवाखान्यानं हाड व्यवस्थित जुळवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्लास्टरमध्ये असताना बोटं हलवत राहायची, खांदा वर उचलत राहायचा, हे मला एकानंही सांगितलं नाही. मी आपला हात झोळीत घालून देवघरातल्या मूर्तीसारखा जपला. प्लास्टर कापलं तेव्हा डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "जुळलंय, आता वापरायला लागा." काय वापरायला लागा? मूठ मिटेना. कात्रीत अंगठा गेला, पण पातं उघडेना. घरी येऊन कोपराखाली टेप लावली तर डाव्या हातापेक्षा पाऊण इंच कमी भरला. त्यात शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एकाकडं तेल लावून चोळून आलो. रात्रीत मनगट टम्म सुजलं.

मग एका गिऱ्हाइकानं या मॅडमचा पत्ता दिला. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. माझा हात मोडला होता म्हणून चढलो. पाय मोडलेल्यानं काय करायचं, हे मी त्यांना विचारलंसुद्धा. "भाडं परवडेल तिथं बसलोय काका," म्हणाल्या. खरंच असेल ते, पण मी एक तारा त्याच्यासाठीच कापलाय.

मला बाई पटल्या त्या पहिल्या पाच मिनिटांत. त्यांनी माप घेतलं! प्लास्टिकचा दोन पट्ट्यांचा कोनमापक मनगटाला लावला आणि वहीत लिहिलं: मनगट मागं २० अंश, पुढं २५. हात पालथा पूर्ण होतो, उताणा निम्मासुद्धा होत नाही. बोटांची टोकं तळव्यापासून किती लांब राहतात तेही पट्टीनं मोजलं. तोवर सगळे नुसतं "बरं वाटतंय ना?" विचारत होते. माप न घेता कापड बेतणाऱ्याला आमच्या धंद्यात दुकानात उभं करत नाहीत.

उपचार म्हणाल तर, आधी मेणाचा शेक. वितळलेल्या मेणात हात सात-आठ वेळा बुडवून काढायचा, थरावर थर चढतात, वरून प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळून वीस मिनिटं बसायचं. ते वीस मिनिटांचं सुख सोडलं तर बाकी सगळा घामच. मॅडम मनगट धरून हळूहळू ताणतात, दुखण्याच्या किंचित पुढं नेतात आणि तिथंच थांबतात. चोळणाऱ्यात आणि यांच्यात फरक तो हाच. घरी करायला दिलेलं सामान म्हणजे लाटणं, ओला पंचा आणि कणकेचा गोळा. लाटणं एका टोकाला धरून हात उताणा-पालथा करायचा, पंचा पिळायचा, गोळा दाबायचा. दिवसातून चार वेळा. बायको म्हणाली, लग्नाला तीस वर्षं झाली, पहिल्यांदा लाटणं हातात घेतलंत.

मेव्हण्याचीही गंमत. अपघाताच्या दिवशी "मला काहीच झालं नाही" म्हणत होता, दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. महिनाभर गळ्यात पट्टा घालून फिरत होता. मॅडमनी तो आधी उतरवायला लावला आणि मानेचे व्यायाम दिले.

पैशांचं सांगतो. तपासणी ५००, पुढं प्रत्येक सिटिंगला ३००. माझी अठरा झाली, म्हणजे सगळे मिळून ५,९०० रुपये. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, हा दुसरा दोष. रस्ते अपघातात दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे, पण ती अपघातापासून सात दिवसांपुरती. माझं फिजिओ सुरू झालं सातव्या आठवड्यात. गाडीच्या विम्यात पंधरा लाखांचा अपघात विमा असतो तोही गाडीच्या मालकाचा, आणि मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. वकील म्हणाले, दावा करायचा तर मेव्हण्याच्या गाडीवरच लावावा लागेल. बायकोनं डोळे वटारले, विषय संपला.

शेवटच्या दिवशी परत मोजलं: मागं ६०, पुढं ६५. डाव्या हाताइतकं नाही, पण मूठ मिटते. शर्टाचं कापड पूर्वीसारखं बेततो. कोटाचं जाड कापड आणि जीन्स कापताना तासाभरानं करंगळीकडच्या बाजूला दुखतं, म्हणून ते सध्या पोराकडं दिलंय.

संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, बाकावर जागा नसते आणि मेणाचं भांडं एकच आहे. दुपारी चारला गेलात तर तुमच्या हाताला पूर्ण पाऊण तास मिळतो. अर्ध्या बाहीचा शर्ट घालून जा.