पोटावरची पिशवी: पाच महिन्यांच्या वापरानंतर

अकरा वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होणारा आजार) सोसल्यावर फेब्रुवारीत माझं मोठं आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक दुमडून आत जे-पाउच, म्हणजे मल साठवणारी पिशवी, शिवला आणि तो भरून येईपर्यंत पोटाच्या उजव्या बाजूला इलिओस्टोमी केली. म्हणजे आतड्याचं एक वेटोळं बाहेर, मल तिथूनच पोटावरच्या पिशवीत. लालबुंद, ओलं, गाल आतून असतो तसं. हात लावला तरी ते दुखत नाही. हे आधी कळलं असतं तर पहिले चार दिवस मी तिकडे बघायचं टाळलं नसतं.

मी दोन भागांची पिशवी वापरते. फ्लँज ही मधे भोक असलेली चकती कातडीला चिकटते, पिशवी तिच्यावर बसते. फ्लँज तीन-चार दिवसांनी बदलते, तीही सकाळी उपाशीपोटी, कारण तेव्हा आतडं शांत असतं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायचीच. एकदा एसटीत आळस केला आणि वजनाने फ्लँज सुटली. आईने स्वतःचा पदर माझ्याभोवती धरला. ते आठवलं की अजून डोळे भरतात.

सगळ्यात जास्त त्रास मात्र फ्लँजच्या भोकाच्या मापाने दिला. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमाची, म्हणजे त्या बाहेरच्या वेटोळ्याची, सूज उतरत असते. मी महिनाभर डिस्चार्जच्या वेळचंच माप कापत राहिले. मधली कातडी उघडी राहिली आणि पाचक रसाने ती अक्षरशः सोलली. नवी फ्लँज ओल्या जखमेवर टिकेना, गळती वाढली, की जखम आणखी वाढायची. स्टोमा सिस्टरांनी मापपट्टी हातात दिली: दर आठवड्याला मोज, स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं काप. सोबत स्टोमा पावडर. आठवड्यात कातडी भरली.

दुसरी चूक पाण्याची. मोठं आतडं नाही म्हटल्यावर पाणी आणि मीठ दोन्ही वाहून जातं. एप्रिलच्या उन्हात मी नुसतं साधं पाणी पीत राहिले, पोटऱ्यांत गोळे आले, शेवटी सलाइन लावावं लागलं. आता ओआरएस आणि मीठ घातलेली पेज. दिवसभरात पिशवीतून मोजपात्रात ७००-८०० मिली आलं तर ठीक, दीड लिटरवर गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन.

खाण्यात मऊ भात, केळं, दही चालतं. मक्याचे दाणे आणि ओलं खोबरं नको, अडकतं. आमच्या गावातल्या मेडिकलमध्ये फ्लँज मिळत नाही, दहा दिवस आधी मागवते.

मंगळवारी डाय सोडून एक्स-रे आहे. पाउच गळत नसेल तर स्टोमा बंद करतील. डब्यात सहा फ्लँज उरल्यात. भोक आपणच कापायचं असल्याने त्या दुसऱ्या कुणाला चालू शकतील, म्हणून वॉर्डात देऊन येणार आहे, मापपट्टीसकट.