ट्रॅकीखालचं फोम ड्रेसिंग आणि बेल्टचा सेट: फोम भारी, बेल्ट ठीकठाक

४ स्टार. सासऱ्यांना स्ट्रोकनंतर ट्रॅकिओस्टॉमी (ट्रॅकी) झालीय, श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय, आणि आम्ही त्यांना घरीच सांभाळतो, म्हणजे हा रिव्ह्यू घरच्या वापराचा आहे, आयसीयूचा नाही. सेटमध्ये मधे चीर असलेले चौकोनी फोमचे पीस आणि मानेचा वेल्क्रो बेल्ट येतो.

बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून होणारी कातडीची जखम, म्हटलं की सगळे एअर मॅट्रेस सुचवतात, ती पाठीला आणि कमरेला हवीच, पण गळ्याला तिचा काय उपयोग, तिथे दाब गादीचा नसतोच मुळी, नळीचाच असतो. नळीची आडवी प्लास्टिकची पट्टी बेल्टने कातडीवर ओढली जाते, वर व्हेंटिलेटरचा पाइप जोडला असेल तर त्याचं वजन लोंबकळतं, आणि बाजूने कफ पाझरून खालची कातडी कायम ओली. जखम व्हायला अजून काय पाहिजे.

आधी आम्ही साधा गॉज लावायचो. तो तासाभरात चिंब होतो आणि मग ओल्या फडक्यासारखा तिथेच बसून राहतो. फोम ओल आत ओढून घेतो आणि पट्टीखाली गादीसारखा राहतो, हा फरक खरंच जाणवतो. वॉटरप्रूफ फिल्मची बाजू बाहेर ठेवायची, उलटं लावलं तर काही शोषत नाही. आणि प्लीज घरी कात्रीने गॉज किंवा फोम कापून लावू नका, कापलेल्या कडेचे धागे नाहीतर तुकडे भोकातून आत श्वासनलिकेत जाऊ शकतात, तयार चिरेचंच घ्या. पावडरही नको, ती आत ओढली जाते.

पण फोम लावला म्हणजे सुटलो असं नाही हां, तो कातडी झाकून टाकतो. रोज उचलून बघायचं, खास करून पट्टीच्या खालच्या कडेला. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का, त्यांना दुखतंय का. कातडी उघडी पडली, वास किंवा पू आला तर घरगुती मलमं न चोळता सरळ ईएनटीवाल्यांना दाखवा.

एक स्टार बेल्टचा कापला. मऊ आहे, जुन्या नाडीपेक्षा शंभरपट बरा, पण वेल्क्रोची कड मानेच्या मागे घासते आणि तिथे कोणी बघतच नाही कारण पेशंट उताणा झोपलेला. बेल्ट आणि मान यात एक बोट जाईल एवढीच ढील ठेवा, जास्त ढिला झाला तर नळीच निसटायची. बदलताना दोन माणसं लागतातच, एकाने फक्त नळी धरायची, कितीही सवय झाली तरी एकट्याने नको.

ज्यांची ट्रॅकी अगदी नवीन आहे त्यांच्या नळीची पट्टी बहुतेक वेळा टाक्यांनी कातडीला घट्ट शिवलेली असते, जखमेचा धोका तेव्हा जास्त, म्हणून पट्टीखाली ड्रेसिंग घालता येईल का आणि टाके कधी काढणार हे हॉस्पिटलमध्येच विचारून घ्या, आपण होऊन त्याला हात लावू नका.

किंमत गॉजपेक्षा बरीच जास्त आहे. सर्जिकलवाल्याकडे सुटा पीस मागा, चीर तुमच्या नळीभोवती नीट बसतेय का ते एकातच कळतं, मग बॉक्स घ्या.