अर्धवट लिहिलेलं काल्पनिक जग वाचकांसमोर ठेवलं : वर्षभरानंतरचा अनुभव

माझ्या कादंबरीतली वळवंती नदी वर्षातून दोनदा दिशा बदलते. तिच्या काठी सात शहरं आहेत. तिथे माणसाने शपथ घेतली की त्याच्या अंगावर खूण उमटते. कादंबरी अजून निम्मीही लिहून झालेली नाही, तरी तिचं जग मी जवळपास वर्षभर ऑनलाइन उघडं ठेवलं आहे. येणाऱ्याला पहिल्याच ओळीत सांगितलंय की काम चालू आहे, खटकेल ते आत्ताच सांगा. हे सगळं कसं जमलं, कशाचा उपयोग झाला आणि काय सांभाळावं लागलं, ते लिहितो.

आधी साधनं. जगाची माहिती मी वर्ल्ड अॅन्व्हिलवर ठेवतो. २०१७ पासून चालू असलेली ही ऑनलाइन सेवा खास वर्ल्डबिल्डिंगसाठीच, म्हणजे कथेचं काल्पनिक जग रचण्यासाठीच आहे. वस्ती, व्यक्ती, संघटना, प्रजाती अशा प्रत्येक प्रकाराला वेगळा साचा मिळतो आणि प्रत्येक साच्यात विचार करायला लावणारे प्रश्न असतात. एका लेखातून दुसऱ्याला दुवा देता येतो, नकाशावर टाचणी लावून तिथून थेट त्या शहराच्या पानावर जाता येतं. नवख्या वाचकाला हेच सगळ्यात सोयीचं पडतं, कारण तो आपल्या क्रमाने वाचत नाही, त्याला कुतूहल वाटेल तिकडे जातो. दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. मजकुराच्या मांडणीसाठी बीबीकोडच्या, म्हणजे चौकटी कंसात लिहायच्या, खुणा शिकाव्या लागतात आणि मोफत खात्यातलं जग सार्वजनिक असतं. लपवाछपवी करायची तर पैसे मोजून वरची योजना घ्यावी लागते.

नकाशासाठी अझगारचा फँटसी मॅप जनरेटर. ब्राउझरमध्ये चालतो, मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे. उंचसखल भाग, नद्या, हवामानाचे पट्टे, राज्यांच्या सीमा, धर्म, संस्कृती असे थर वेगवेगळे चालू-बंद करता येतात. नकाशाची फाइल मात्र स्वतःकडे उतरवून ठेवावी, ब्राउझरच्या साठवणीवर विसंबू नये. प्रकरणांचे ड्राफ्ट गूगल डॉक्सवर, फक्त शेरे लिहिण्याची परवानगी देऊन. तिथे प्रत्येक आवृत्तीला नाव देता येतं, त्यामुळे वाचकाने नेमकी कोणती प्रत वाचून शेरा लिहिला हे नंतरही कळतं. ही सोय छोटी दिसते, पण तिच्यावाचून माझं पान हललं नसतं.

आता मुख्य गोष्ट, नदी. वळवंती उलटी वाहते हे मी जादू म्हणून लिहिलं होतं. जग उघडं केल्यावर लगेचच एका वाचकाने कंबोडियातल्या तोन्ले साप नदीकडे बोट दाखवलं. पावसाळ्यात मेकाँग या मोठ्या नदीला पूर आला की तिचं पाणी तोन्ले सापमध्ये उलटं शिरतं आणि वरचं सरोवर भरत जातं. पूर ओसरला की तेच पाणी परत मेकाँगकडे येतं. सरोवराचं क्षेत्रफळ या काळात कितीतरी पटींनी वाढतं, झाडं पाण्याखाली जातात, त्या बुडालेल्या रानात मासे वाढतात, माणसं उंच खांबांवरच्या किंवा तरंगत्या घरांत राहतात. नोव्हेंबरच्या सुमारास पाणी परत फिरतं तेव्हा तिथे मोठा जलोत्सव होतो.

एवढं कळल्यावर माझ्या सात शहरांकडे बघण्याची नजरच बदलली. काठावरचे दगडी वाडे मी टेकड्यांवर नेले, खाली तरंगत्या वस्त्या आल्या. मग दुसऱ्याने विचारलं की जकात कोण घेतं? प्रवाहाबरोबर येणाऱ्या होड्यांवर कर असेल तर सहा महिने वरच्या शहरांचं फावणार आणि सहा महिने खालच्यांचं. तिसऱ्याचा प्रश्न त्याहून नेमका होता : दिशा बदलताना मधले काही दिवस पाणी उभंच राहणार, तेव्हा जकात कोणाची? मी आतापर्यंत वाचलेल्या अभिप्रायांत हा सगळ्यात मोलाचा. त्या उभ्या पाण्याच्या पंधरवड्यात कोणाचाच कर नाही, कोणाचीच सत्ता नाही, आणि माझं अख्खं कथानक आता त्या पंधरवड्यात घडतं. विचारणाऱ्याला कथानक ठाऊक नव्हतं. त्याला फक्त तिथे राहणाऱ्या माणसाचा व्यवहार समजून घ्यायचा होता.

म्हणूनच मला वाटतं की अर्धवट जग दाखवण्याचा खरा लाभ प्रश्नांत आहे, सूचनांत नाही. शपथेच्या खुणेवरून हे फार स्पष्ट दिसलं. कोणी सुचवलं, शपथ मोडली की मृत्यू यावा. कोणी म्हणालं, खूण पुसणारा पुरोहित असावा. कोणाला खुणांचे रंग हवे होते. उपाय एकमेकांशी जुळत नव्हते, पण सगळे दुसऱ्या प्रकरणातल्या त्याच पानाबद्दल बोलत होते. तिथे खुणेची किंमत दिसत नव्हती, एवढाच त्या सगळ्याचा अर्थ. मी त्यातला एकही उपाय घेतला नाही. त्या पानावर एक होडीवाला आणला. त्याच्या दोन शपथा एकमेकींना छेद देतात आणि त्याचा डावा हात वल्हं धरेनासा होतो. त्यानंतर त्या पानावर शेरे आले ते होडीवाल्याच्या काळजीचे.

चांगले प्रश्न यावेत तर आपणही नेमकं विचारावं लागतं. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ असं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. मी आता विचारतो : वाचताना कुठे थांबलात? कोणतं नाव विसरलात? या शहरात तुम्हाला पोट भरायचं असतं तर काय काम केलं असतं? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात भरभरून उत्तरं येतात. एका वेळी एकच पान किंवा एकच प्रकरण पुढे ठेवतो. मोठा गठ्ठा दिला की लोक आदराने बाजूला ठेवतात.

कल्पना चोरीला जाईल ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली. कॉपीराइटचा कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या लिखित मांडणीला देतो, आणि बर्न करार हा कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार मानणाऱ्या देशांत हा हक्क लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी लागत नाही. माझी चिंता वेगळी आहे. अनेक मासिकं आणि काही प्रकाशक, सर्वांना वाचता येईल असं ऑनलाइन ठेवलेलं लेखन आधीच प्रसिद्ध झालेलं धरतात. म्हणून भूगोल, इतिहास, रीतिरिवाज मी खुले ठेवतो, पण प्रकरणं निवडक वाचकांनाच देतो.

आणखी एक धोका आहे, आणि तो गोड आहे. कोणी उत्तरेकडच्या मठांबद्दल विचारतं, आपण संध्याकाळभर मठांची दिनचर्या लिहितो, विचारणारा खूश होतो, आपणही होतो, आणि कादंबरीत एक वाक्यही पुढे जात नाही. यावर मी एक नियम केला आहे. कथेतल्या एखाद्या पात्राचा त्या दिवशीचा निर्णय ज्याने बदलेल, त्याच प्रश्नाचं उत्तर लगेच लिहायचं. बाकीचे नोंदवून ठेवायचे. मठ अजून यादीतच आहेत, आणि विचारणाऱ्याला मी तसं मोकळेपणाने कळवलंय.

ज्यांची कथा एकाच रहस्यावर उभी आहे त्यांनी हा मार्ग जपून वापरावा, कारण चौकस वाचक नकाशा आणि कालरेषा शेजारी ठेवून शेवट ओळखतात. ज्यांचं जग हेच कथेचं बळ आहे, त्यांनी पहिलं शहर आणि पहिला नियम तयार झाला की दाखवायला सुरुवात करावी. त्या टप्प्यावर बदल करताना जीव तुटत नाही, आणि वाचकालाही कळतं की त्याच्या प्रश्नाला इथे जागा आहे.