चेफिंग डिशचा सेट: उघड्यावर खरंच चालतो का?

उघड्यावर जेवण वाढायचं म्हटलं की पहिला सल्ला येतो चेफिंग डिश, म्हणजे बुफेच्या टेबलावर अन्न गरम ठेवायचं भांडं, घ्या, म्हणून मी पण घेतला, स्टीलचा सेट, आयताकृती, खाली दोन बर्नर, वर उचलून बाजूला ठेवायचं झाकण. अंगणात, गच्चीवर, मोकळ्या मैदानात सगळीकडे वापरून झालाय आणि स्पष्टच सांगते, वस्तू चांगली आहे पण लोक ज्या कामासाठी घेतात ते काम ती एकटीच्या जीवावर करत नाही. बंद हॉलमधे वापरणार असाल तर ५ पैकी साडेचार, उघड्यावर ३, त्यातले पण अर्धे मार्क दिसायला छान आहे म्हणून.

सेटमधे येतं काय तर एक स्टँड, पाण्याचा खोल ट्रे, त्यात बसणारा अन्नाचा उथळ ट्रे, बर्नर ठेवायच्या दोन वाट्या आणि झाकण. अन्नाचा ट्रे ५३० बाय ३२५ मिलिमीटरचा, ६५ मिलिमीटर खोल. हे स्टँडर्ड हॉटेल साईझ आहे, गॅस्ट्रोनॉर्म म्हणतात त्याला, त्यामुळे उद्या ट्रे खराब झाला तर दुसऱ्या कंपनीचा आणून बसवता येतो आणि एका मोठ्याच्या जागी दोन अर्धे ट्रे पण ठेवता येतात. घेताना हे माप नक्की तपासा, काही स्वस्त सेट स्वतःच्याच मापाचे असतात मग एक ट्रे गेला की सगळा सेट माळ्यावर. काठोकाठ भरला तर ९ लिटरच्या आसपास मावतं पण काठोकाठ कोण भरतं, सांडतं सगळं.

आता मुख्य मुद्दा. ही वस्तू अन्न गरम करत नाही, गरम असलेलं गरम ठेवते. बर्नरची ज्योत पाणी तापवते, त्याची वाफ वरच्या ट्रेला लागते, आणि एवढ्याशा ज्योतीत कोमट अन्न उकळायचा दम नसतो. त्यामुळे अन्न चुलीवरून सरळ, वाफा निघत असताना ट्रेमधे गेलं पाहिजे आणि खालच्या ट्रेमधे पाणी पण उकळतं ओतायचं, दीड-दोन सेंटिमीटर पुरे. नळाचं गार पाणी घातलं तर ते तापेपर्यंत उलट अन्नाचीच ऊष्णता खातं. आणि फार पाणी पण नको, तेवढं सगळं तापवत बसावं लागतं. मधेमधे बघत राहायचं, आटलं की उकळतं पाणीच घालायचं, कोरडा पडला की ट्रे वाकडा होतो आणि वरचं अन्न तळाला लागतं.

गरम म्हणजे किती गरम हे पण बोलून टाकू, कारण बोट लावून बघण्यावर माझा विश्वास नाही. अमेरिकेचं कृषी खातं घरच्या वापरासाठी ६० अंश सेल्सिअस सांगतं, ब्रिटनमधे नियम ६३ चा. त्याच्या खाली, अगदी ५ अंशापर्यंतचा जो पट्टा आहे त्यात जंतू वाढतात. भाताच्या बाबतीत तर बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि त्यातला उलट्या करणारा जो विषारी पदार्थ तयार होतो तो नंतर परत गरम करून पण जात नाही. घट्ट रस्से आणि मांसाच्या मोठ्या पातेल्यांमधे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, तो कोमटात भयंकर वेगाने वाढतो. म्हणून ६० च्या खाली गेलेलं अन्न जास्तीत जास्त २ तास, आणि बाहेर हवा ३२ अंशाच्या वर असेल तर १ तास, मग टाकून द्यायचं. हे सगळं वाचून पाहुण्यांना घाबरवायचं नाहीये पण काट्यासारखं टोक असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर घ्याच, या सेटपेक्षा मला तो जास्त उपयोगी पडला.

थर्मामीटर फिरवला की चेफिंग डिशचं खरं रूप कळतं. बर्नरच्या बरोबर वर भरपूर गरम, कोपऱ्यात आणि वरच्या थरात बरंच कमी. स्टील तसं उष्णता पसरवायला मठ्ठच, ॲल्युमिनियमच्या जवळपासही नाही, म्हणून तर खाली पाणी लागतं. अधूनमधून ढवळलं की फरक बराच कमी होतो, पण ढवळणारा माणूस टेबलाजवळ हवा ना.

आणि मग येतो वारा. बंद खोलीत हा सेट मस्त चालतो, पण बाहेर जराशी झुळूक आली की ज्योत आडवी होते, उष्णता ट्रेच्या बाजूने निघून जाते आणि खाली पेटलेलं आहे म्हणून आपण निर्धास्त. झाकण उघडं असेल तर वरून वाफ वाऱ्याबरोबर जाते आणि अन्न सगळ्यात वेगाने गार होतं ते या वाफेमुळेच. माझ्या सेटचं स्टँड चारी बाजूंनी मोकळं आहे, दिसायला नाजूक, वाऱ्यात निरुपयोगी. ज्यांच्या स्टँडला खाली पत्र्याचा आडोसा असतो ते मॉडेल घ्या, मी आता परत घेईन तर तेच. आत्ता मी जाड फॉईल दुमडून वाऱ्याच्या बाजूने उभी करते, बर्नरला हवा लागेल एवढी जागा सोडून, आणि टेबल भिंतीच्या आडोशाला लावते. कापडाचा आडोसा कृपया नको, खाली आग आहे. आणि वारा लागतो म्हणून चारी बाजू बंद केलेल्या तंबूत पण नको, बर्नर जळतात तिथे कार्बन मोनॉक्साईड साठू शकतो.

बर्नरबद्दल थोडं जास्त लिहिते कारण दुकानात कोणी सांगत नाही. बर्नर म्हणजे इंधनाचे छोटे डबे. जेलवाले डबे स्पिरिटचे असतात, आणि त्याची ज्योत उन्हात जवळपास दिसतच नाही!! विझलं असं समजून वरून जेल ओतायला जाणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार, वाफ पेटून ज्योत बाटलीतून थेट समोरच्या माणसावर येऊ शकते. संपलेला डबा झाकण लावून विझवायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा आणि नवा डबा ठेवायचा, पेटत्यात किंवा गरम असलेल्यात कधीच भरायचं नाही. वातवाले डबे पण मिळतात, आत ग्लायकॉल नावाचं द्रव इंधन असतं, ते मला बाहेरच्यासाठी बरे वाटले, डबा कमी तापतो आणि कलंडला तरी जेलसारखा भडका उडत नाही. पण पोटात गेलं तर ते विष आहे, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. डब्यावर २ तास, ४ तास, ६ तास असं लिहिलेलं असतं, ते बिनवाऱ्याच्या खोलीतले तास समजा आणि एक-दोन डबे जास्तीचे ठेवा.

झाकणाची तक्रार: उचलायचं झाकण लोक उचलतात आणि परत ठेवत नाहीत, कारण एका हातात ताट, एका हातात डाव, झाकण ठेवणार कुठे? बिजागरीचं किंवा गोल फिरणारं झाकण महाग पडतं पण बाहेरच्या वापरासाठी माझ्या मते तोच पैसा वसूल आहे. तोपर्यंत एक उपाय, झाकणाखाली फॉईल थेट अन्नाला टेकवून अर्ध्या भागावर पसरायची, वाढायला अर्धीच बाजू उघडी. वाफ कमी जाते.

कुरकुरीत काही यात ठेवायचा विचार सोडून द्या. वाफेत सगळं मऊ पडतं, झाकणाचं पाणी वरून ठिबकतं ते वेगळंच. रस्सेदार, पातळ, ओलसर असं सगळं उत्तम, तळलेलं भाजलेलं थोडंथोडं करून वाढा. इलेक्ट्रिक हॉट ट्रे त्याला बरी, पण बाहेर वायर, एक्स्टेन्शन, दव, पावसाचे थेंब, मला तरी ते झेपत नाही.

मग ३ मार्कांच्या या सेटचं मी करते काय, तर त्याच्या मागे इन्सुलेटेड बॉक्स ठेवते. जाड भिंतीचा, घट्ट सीलचा, आत ट्रे किंवा डबे रचता येणारा. खास गरम अन्नासाठीचा नसला तरी थंड पेयांचा कूलर पण हेच काम करतो, उष्णता आत येऊ द्यायची नाही आणि बाहेर जाऊ द्यायची नाही यात भिंतीला काही फरक पडत नाही. व्हॅक्यूम फ्लास्कची गोष्ट तीच, जेम्स ड्यूअरने १८९२ मधे तो बनवला अतिथंड द्रवरूप वायूंच्या प्रयोगांसाठी, आणि आपण त्यात चहा भरतो. फक्त कूलरचं आतलं प्लॅस्टिक उकळत्या पाण्याने वाकू शकतं, त्यामुळे आधी तापवून घ्यायला कडकडीत पण न उकळतं पाणी भरून १५-२० मिनिटं ठेवा, मग ओतून टाका आणि झाकलेली गरम भांडी आत ठेवा, खाली जाड टॉवेल. बॉक्स जितका भरलेला तितका गरम राहतो, अर्धा रिकामा असेल तर मोकळ्या जागेत टॉवेल कोंबा. न उघडता ठेवला तर अन्न काही तास ६० च्या वर आरामात राहतं, ना ज्योत ना वाऱ्याची भीती.

म्हणजे साठा बॉक्समधे आणि टेबलावर चेफिंग डिशमधे थोडं थोडं, त्यासाठी मी मोठ्या ट्रेऐवजी अर्धे ट्रे वापरते. एक संपत आला की तो उचलायचा आणि बॉक्समधला भरलेला ठेवायचा. उरलेल्यावर नवं ओतायचं नाही, नाहीतर तासभर पडलेलं कोमट अन्न तळाशी तसंच राहतं आणि वरच्याला पण गार करतं.

हँडलचा स्क्रू पहिल्याच धुण्यात सैल झाला, दुकानदाराने बदलून द्यायला नाही म्हटलं, शेवटी घरीच वॉशर घालून घट्ट केला. बाकी स्टील चांगल्या जाडीचं आहे, अजून डाग नाही. कार्यक्रम संपल्यावर पाण्याचा ट्रे मात्र लगेच उचलू नका, बर्नर विझवून पाणी गार होऊ द्या, आत तेव्हाही पोळेल एवढं गरम असतं आणि घाईत तो हमखास हिंदकळतो.