नव्या घोड्याची पाठ तपासून घेताना : तबेल्यावर येणाऱ्या पशुवैद्यकीय सेवेचा अनुभव

पुण्याचा पावसाळी हंगाम सरत आला, की शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे रपेटीसाठी विकायला निघतात. आमचा घोडाही तसाच आला. तो लंगडत नव्हता. मात्र तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे पाडून चावायला येई आणि उजव्या फेरीत त्याची दुडकी (हळू धावण्याची चाल) तुटत असे. विकणाऱ्याच्या मते हा निव्वळ तापटपणा होता. आम्हाला पाठीची शंका आल्याने तबेल्यावर येऊन तपासणी करणारी एक सेवा बोलावली.

डॉक्टरांनी एक्स-रेचे यंत्र बराच वेळ गाडीतून काढलेच नाही, हे मला सर्वांत आवडले. आधी त्यांनी घोडा सपाट जमिनीवर नीट उभा करून दोन्ही बाजूंचे स्नायू सारखे भरले आहेत का ते पाहिले, आणि मग पेनाचे बोथट टोक कण्यालगत खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत हलके दाबत नेले. निरोगी घोडा अशा वेळी पाठ किंचित झुकवून पुन्हा वर घेतो. आमच्या घोड्याने खोगिराची मागची कड जिथे येते, नेमकी तिथे पाठ फळीसारखी ताठ केली आणि शेपटी आपटली. मागच्या पायातले दुखणेही पाठीवर निघते, म्हणून ते पाय वाकवून धरून लगेच दुडकीवर पळवून पाहिले, दातही तपासले.

एक्स-रे त्यानंतरचा. घोड्याला छातीचे 18 आणि कमरेचे 6 मणके असतात. स्वाराचा भार पेलणाऱ्या 13 ते 18 या मणक्यांची वरची टोके एकमेकांना भिडण्याचा 'किसिंग स्पाइन' हा विकार थरोब्रेडमध्ये बऱ्याचदा आढळतो. आमच्या फिल्ममध्येही दोन टोके जवळ आलेली दिसली. तरीही अशी फिल्म असलेले कित्येक घोडे विनातक्रार काम करतात, हे सांगून डॉक्टरांनी निदानाची घाई केली नाही आणि आधी खोगीर मागवले. घोड्याबरोबर आलेल्या त्या खोगिराची गादी शेवटच्या बरगडीच्याही मागे जात होती. खोगीर बदलून, काही आठवडे स्वार न बसवता काम देऊन पुन्हा तपासायचे आणि तरीही दुखले तर फक्त त्या जागी भूल देऊन दुखणे थांबते का याची खात्री करायची, असे ठरले. विकत घेतानाच रक्ताचा नमुना घ्यायला हवा, कारण वेदनाशामक औषधाने असे दुखणे सहज झाकता येते, हेही त्यांनी बजावले. विक्रेत्यांना ही मागणी रुचत नाही, ती गोष्ट वेगळी.

उणिवा दोन. एक्स-रेचे पैसे फिल्ममागे लागतात, हे काम उरकल्यावर कळले. आणि अहवाल उशिरा, तोही इंग्रजीत चार ओळींचा आला. याउलट गाजर दाखवून घोड्याची मान तंगापर्यंत वळवण्याचा व्यायाम त्यांनी घोडा सांभाळणाऱ्या आमच्या मोतद्दाराकडून स्वतः समोर उभे राहून करवून घेतला आणि कुठे थांबायचे तेही दाखवले. पुढच्या तपासणीसाठी त्यांनाच बोलावणार आहोत. दर मात्र या वेळी आधी लिहून घेऊ.