कुंडी भंडारा की कात्रज नहर: उतरून पाहायचं की वरूनच?

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा म्हणजे जमिनीखालची जुनी पाणीयोजना, १६१५ च्या सुमाराची, जहांगीरच्या काळातली. सातपुड्याकडून तापीच्या दिशेने झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवलं आणि नुसत्या उतारावर शहरात आणलं. ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या. त्यांतल्या एकीत लिफ्ट बसवून लोकांना खाली सोडायची सोय केली. खाली पायाशी वाहतं पाणी, भिंतींवर चुन्याची पांढरी पुटं. त्या पुटांवर हात टेकवायचा मोह होतोच, आणि नेमकी तिथेच माझी तक्रार आहे: अरुंद बोगद्यात गर्दी सोडली की माणसांची घाण थेट पाण्यात. एका वेळी चार-पाच जणच, तेही वाटाड्यासोबत, एवढं तरी हवं. २०२४ पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे, गर्दी वाढणारच.

पुण्याची कात्रज नहरही जमिनीखालचीच, नानासाहेब पेशव्यांची, १७५० च्या आसपासची. तलावातून शनिवारवाड्यापर्यंत, वाटेत उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायला ठेवलेली उभी तोंडं, आणि पेठांतले हौद. माणूस चालू शकेल एवढी ती उंच आहे, पण वर अख्खं शहर. कुठे पाया खणताना फुटते, कुठे सांडपाणी शिरतं. इथे आत उतरवण्याचा हट्ट नको. आधी संपूर्ण मार्गाचा नकाशा बांधकाम परवानगीला जोडा, उच्छ्वासांवर फलक लावा, काळा हौद, बदामी हौद यांच्या जागा दाखवणारी पायी फेरी काढा.

माझं मत विचाराल तर जतनाचा पैसा आधी पुण्यात लागावा. बऱ्हाणपूरला निदान लोकांचं लक्ष तरी आहे.